दावंड्याचा डोंगर: प्रकल्प नोंदी

17 नोव्हेंबर 2024, ऐरोली

विषय पक्का झाला. 7 जुलै 1962, मध्यरात्र नुकतीच उलटलेली. इटलीच्या अलितालिया कंपनीचं डीसी-8 जेट विमान जुन्नरजवळ दावंड्याच्या डोंगरावर आदळलं. सिडनीहून रोमला निघालेलं, बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. 85 प्रवासी, 9 कर्मचारी. 94 पैकी कुणीही वाचलं नाही. ती जागा शोधायची, आज तिथे काय उरलंय ते बघायचं, नोंदवून ठेवायचं. एवढाच प्रकल्प.

मंडळी चार. मी महाप्याला शीट-मेटलच्या कारखान्यात क्वालिटी बघते. भाची ठाण्याला कॉलेजात आहे, पायाला भिंगरी. काका खोपटच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले, सगळी नोकरी बॉडी विभागात. चौथा आमच्याच सेक्टरमधला नकाशेवाला. तो आठवडाभर कंपनीसाठी नकाशे करतो आणि रविवारी स्वतःसाठी.

काकांनी पहिलाच प्रश्न टाकला: एवढ्या लांब कशाला, जवळ काही पडलं नाही का? पडलंय. 12 जुलै 1949 ला केएलएम या डच कंपनीचं ‘फ्रानेकर’ हे कॉन्स्टेलेशन जातीचं विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं, 45 माणसं गेली, त्यात 13 अमेरिकन पत्रकार. पण त्या टेकड्यांवर आता घरावर घर आहे, शोधणार काय आणि कुठे? दुसरं 4 ऑगस्ट 1979 चं इंडियन एअरलाइन्सचं अ‍ॅव्हरो. पुण्याहून मुंबईला येताना पनवेलजवळच्या डोंगरात गेलं, तिथेही 45. हेही आमच्या घरापासून जवळ, तरी मी नको म्हटलं. त्या लोकांची मुलंबाळं आज आपल्याच आसपास असतील. नवशिक्यांनी तिथे सराव करू नये.

तिन्ही अपघात पावसाळ्यातले, तिन्ही विमानं मुंबईत उतरायला येणारी. सह्याद्री ढगात बुडालेला असताना त्याच्यावरून खाली उतरायचं म्हणजे काय, ते या तीन तारखा सांगतात.

नियम आजच लिहून ठेवले. काहीही उचलायचं नाही. हाड किंवा कुणाची खासगी वस्तू दिसली तर काम तिथेच थांबवायचं आणि सरपंच व पोलिसांना कळवायचं. डोंगराची नेमकी खूण कुठेही लिहायची नाही. मेटल डिटेक्टर न्यायचा नाही. भाची हिरमुसली. पण ते यंत्र घेऊन चार शहरी माणसं रानात फिरताना दिसली की संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत गुप्तधनाची कुजबुज पसरते. मग आपल्याशी मोकळेपणानं कोण बोलणार?

24 नोव्हेंबर

नकाशेवाल्याकडे दिवसभर. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 47 ई मालिकेतले दोन नकाशे उघडले, 1:50,000 चे, समोच्च म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा 20-20 मीटरला.

छापून येणारं अंतर आहे मुंबई विमानतळापासून 84 किलोमीटर, म्हणजे 52 मैल. त्यानं लगेच शंका काढली: 52 मैल जमिनीवरचे की सागरी? विमानवाले सागरी मैलात बोलतात. तसं असेल तर 96 किलोमीटर होतात. मूळ आकडा मैलात असेल आणि कुणीतरी मधेच रूपांतर करताना साधा मैल धरला असेल, तर 12 किलोमीटरची दरी पडते. सह्याद्रीत 12 किलोमीटर म्हणजे दुसरं खोरं, दुसरी एसटी, दुसरी बोली.

म्हणून दोन वर्तुळं काढली. 84 चं ढाकोबा-नाणेघाटाच्या कड्याशी घुटमळतं. 96 चं कड्याच्या आत, जुन्नरच्या पश्चिम पठारावर पडतं. मग उंची. डोंगर 3600 फुटांचा, म्हणजे 1097 मीटर. अकराशेची रेषा जेमतेम शिवणारे किंवा तिच्या जरा खाली राहणारे माथे वेगळे केले. मोठी नावं, जीवधन, ढाकोबा, हरिश्चंद्रगड, आपोआप बाद झाली. उरले तीन. तिघांनाही नकाशावर नाव नाही, फक्त उंचीचा आकडा.

8 डिसेंबर, पारसिक डोंगर

डोळ्यांचा सराव. कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमचे रद्द तुकडे आणले होते, तळहातापासून ताटाएवढे. निम्म्यांना एका बाजूनं हिरवट-पिवळा रंग मारला, कारण त्या काळच्या अमेरिकी विमानांच्या पत्र्याला आतून झिंक क्रोमेटचा तसा प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, असे. सगळे तुकडे आधी मिठाच्या पाण्यात भिजवून मळकट केले. मुंब्रादेवीच्या बाजूच्या उतारावर नकाशेवाल्यानं ते लपवले आणि प्रत्येकाची जागा फोनमध्ये नोंदवली. आम्ही तिघं तीन-तीन मीटर अंतर ठेवून ओळीनं वर निघालो.

निम्म्याहून जास्त तुकडे आमच्या बुटांशेजारून निसटले. चकाकलं ते प्रत्येक वेळी वेफर्सचं पाकीट निघालं. जुनं अ‍ॅल्युमिनियम चमकतच नाही, त्यावर पांढुरकी बुरशीसारखी भुकटी येते आणि ते शेवाळ वाळलेल्या कातळात मिसळून जातं. रंगवलेली बाजू वर असेल तर आणखी कठीण, कारण हिरव्यात हिरवं.

सापडले ते कसे, यावर चहाच्या टपरीवर बराच खल झाला. भाचीचं म्हणणं सगळ्यांना पटलं: तिला पत्रा दिसलाच नाही, एका रांगेतली भोकं दिसली. रानात सरळ कड सापडते, कातळ फुटतोच तसा. पण सारख्या अंतरावरची गोल भोकं रान करत नाही.

सगळे तुकडे परत गोळा केले. सोबत दोन पोती प्लास्टिकही खाली आलं, ते काकांमुळे.

22 डिसेंबर

पहिली चढाई. पहाटे कल्याण, मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट. वर आल्यावर थंडी चावायला लागली. गावात गाडी लावली, पोलीस पाटलांना भेटलो, कुठे चाललोय ते सांगितलं. जुन्नरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. त्यामुळे चारच्या आत गावात परत यायचं हे काकांनी बजावलेलं.

शोध म्हणून दिवस फुकट. गवत कमरेएवढं, कुसळं मोज्यांतून आरपार, करवंदाच्या जाळ्यांनी बाह्या फाडल्या. पायाखाली विमान असतं तरी दिसलं नसतं. मग आम्ही शोध सोडला आणि नुसते माथ्यावर गेलो.

ते बरं झालं. माथ्यावरून कळतं ते कागदावर कळत नाही. पहिली धडक माथ्याच्या जेमतेम पाच फूट खाली बसली होती. चौकशीचा निष्कर्ष असा की वैमानिकाला आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जवळ आलोत असं वाटलं आणि तो वेळेआधी खाली उतरू लागला. ढगातून, रात्री, सरळ धावपट्टीवर उतरायच्या हिशेबानं. नेमकं स्थान तपासायची साधनं होती, ती वापरली गेली नाहीत. किमान सुरक्षित उंची मोडली. आणि या वाटेवरचा मुलूख वैमानिकाच्या ओळखीचा नव्हता.

आज स्वच्छ उन्हात पश्चिमेला बघितलं. जमीन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते, शेवटी कडा, आणि त्याखाली धुरकट कोकण. आदळण्याआधी विमान याच दिशेला तोंड करून होतं. काका बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “पाच फूट म्हणजे माझ्या खांद्याएवढं गं, पोरी.”

खाली येताना डोक्यात काम सुरू झालं. विमान माथ्याच्या इतक्या जवळ आदळलं असेल तर त्याचा बराच भाग माथ्यावरून पलीकडे गेला असणार. चार इंजिनं, 46 मीटर लांबी, 43 मीटर पंख. एवढं वजन त्या वेगात जागच्या जागी थांबत नाही. म्हणजे पूर्वेचा उतार सोडून द्यायचा आणि पश्चिमेचा धरायचा. तोही उतार नव्हे, त्यावरचे ओहोळ. घाटमाथ्याचे साठ-बासष्ट पावसाळे हलकी वस्तू उतारावर राहू देत नाहीत.

5 जानेवारी 2025

आज चढलोच नाही, फक्त गावांत बसलो. हे आधीच करायला हवं असं काका पहिल्यापासून म्हणत होते, आणि त्यांचा बोलका स्वभाव कामाला आला. पारावर बसले, तंबाखूची डबी पुढे केली, वरईचा भाव विचारला, एसटी वेळेवर येते का विचारलं. विमानाचं नाव काढलं ते तासाभरानं.

पहिल्या गावात: “इमान? त्ये हितं न्हाई. त्ये पल्याडल्या डोंगराला.” पल्याडच्या गावात गेलो तर त्यांनी बोट दाखवलं ते आमच्या तिघांपैकी एका माथ्याकडे. दोन वेगवेगळ्या वाड्यांवर वेगवेगळ्या म्हाताऱ्यांनी तोच दाखवला. तो 84 च्या वर्तुळावर आहे की 96 च्या, ते या नोंदीत येणार नाही. नकाशेवाला खूश आहे, एवढ्यावर समजून घ्यावं.

तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असलेले एक बाबा बोलले. पाऊस इतका की रात्रीचा आवाज ढगांचाच वाटला, असं त्यांचे वडील सांगायचे. मोठी माणसं वर गेली ती दोन दिवस परतली नाहीत. मुलांना वर जायला बंदी होती. “आमी नंतर गेलो, गुरं घेऊन. तवा पत्रंच पत्रं.”

आता काही आहे का?

“आता काय ऱ्हायलंय? भंगारवालं आलं, न्हेलं. ऱ्हायलं त्ये घरोघरी.”

डोंगर धुंडायच्या आधी घरं बघायला हवीत, हे चौघांच्याही एकदमच लक्षात आलं.

19 जानेवारी

आजची नोंद मोठी होणार.

बाबांच्या ओळखीनं एका घरी गेलो. मातीचं घर, बाजूला गोठा. घरच्या ताईंनी चहा ठेवला आणि विचारल्यावर हसत चुलीकडे बोट केलं. चूल आणि कुडाच्या भिंतीमध्ये एक पत्रा उभा, भिंतीला धग लागू नये म्हणून. रुंदी हातभर, उंची त्याहून थोडी जास्त. एक कड सरळ कापलेली, बाकी तीन फाटलेल्या आणि नंतर हातोडीनं दुमडलेल्या. पुढची बाजू काजळीनं काळीकुट्ट.

सासूबाईंच्या आधीपासून आहे म्हणाल्या. ताईंच्या परवानगीनं पत्रा अंगणात आणला, कोपरा ओल्या फडक्यानं पुसला. चुंबक लावलं, चिकटलं नाही. सरळ कडेजवळ भोकांच्या दोन समांतर रांगा, एकीतली भोकं दुसरीच्या मधोमध येतील अशी तिरकी मांडणी. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, काढलं. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 19 मिलिमीटर, जरासं वर. म्हणजे पाऊण इंच. भोकाचा व्यास 4 ला किंचित कमी, म्हणजे इंचाचे बत्तीस भाग केले तर त्यातले पाच. मी रोज हे मोजते, माझा हात थरथरत नाही. आज थरथरला.

तेवढ्यात काका म्हणाले, “ही एसटी आहे.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते शांतपणे सांगत गेले. लाल डब्याची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली. सगळीकडे रिव्हेटच, म्हणजे भोकात ठोकून पत्रे जोडणारे खिळे. जुने साचे इंचातले. अपघात झालेल्या, निकालात निघालेल्या गाड्यांचा पत्रा गावोगाव गेलाय, कोंबड्यांच्या खुराड्यांना, मोरीच्या आडोशाला. माळशेज घाटात काय गाड्या पडल्या नाहीत? “जाडी बघ,” म्हणाले. बघितली: 1.25 ते 1.3 मिलिमीटरच्या मधे. काकांनी मान डोलावली. एसटीचा पत्रा 18 गेज, म्हणजे 1.22. विमानाच्या पत्र्याची एक नेहमीची जाडी 0.050 इंच, म्हणजे 1.27. साठ वर्षं चुलीशेजारी उभ्या राहिलेल्या पत्र्यात हा फरक व्हर्नियरवर पकडणं म्हणजे विनोद.

मग दोघंही भोकांवर वाकलो. भोकाची वरची कड आत दबलेली होती, उथळ बशीसारखी. एकाच भोकाची नाही, सगळ्यांची. अशा भोकात बसणाऱ्या रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसतं, वर येत नाही. जेटच्या अंगावरून हवा घासत जाते, तिला अडखळायला उंचवटा चालत नाही. एसटीला ही चैन कशाला? तिचे रिव्हेट घुमटासारखे बाहेर आलेले, हात फिरवला तरी लागतात.

काकांनी भोकावरून अंगठा फिरवला, दोनतीनदा. “असं आमच्याकडे नव्हतं,” एवढंच बोलले. पण हार मानली असं नाही. कुणी नंतर ठोकून केलं असेल, ही त्यांची शंका वहीत लिहून घ्यायला लावली. घेतली.

भाचीनं मागची बाजू पुसली. दुमडलेल्या कडेच्या आत, जिथे धूर आणि हात पोचला नव्हता, तिथे नखाएवढा रंग शिल्लक होता. हिरवट-पिवळा.

पत्रा आहे तिथे परत ठेवला. कागदावर पेन्सिल घासून भोकांचा ठसा घेतला, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढले. निघताना ताईंनी विचारलं, “न्यायचा नाही का? न्या की, दुसरा लावू.” नाही म्हटलं. त्यांना ते विचित्र वाटलं असावं. एवढ्या लांबून आले, हात काळे केले आणि रिकामे चालले.

26 जानेवारी, ठाणे

झेंडावंदनानंतर काका आपल्या जुन्या सहकाऱ्याकडे ठसा घेऊन गेले. मला नंतर फोनवर सांगितलं. त्यानं म्हणे ठसा उलटसुलट करून बघितला आणि दोनच गोष्टी बोलला. एक, तिरक्या मांडणीच्या दोन रांगा बॉडीत फार कमी ठिकाणी यायच्या. दोन, आत प्रायमर मारायला एसटीला कुणी पैसे दिले नसते.

तरी आम्ही वहीत ‘विमानाचा पत्रा’ असं लिहिलेलं नाही. लिहिलंय: ‘अ‍ॅल्युमिनियम, बसकी रिव्हेट-भोकं, इंची मापं, हिरवट प्रायमर, बसचा असण्याची शक्यता कमी.’ त्यावर अंक किंवा शिक्का मिळाला असता तर गोष्ट वेगळी. डीसी-8 बनवणाऱ्या डग्लसच्या कारखान्यात सुट्या भागांवर क्रमांक मारलेले असत. या पत्र्यावर तो असलाच तर काजळीखाली असेल, आणि कुणाच्या घरातली वस्तू घासून चकचकीत करायचा हक्क आम्हाला नाही.

23 फेब्रुवारी

गवत वाळून आडवं झालंय, ऊन अजून सोसण्यासारखं आहे. पश्चिम उताराचे ओहोळ घेतले. वरून खाली नाही, खालून वर. नकाशेवाल्याचं म्हणणं बरोबर निघालं: खालून चढताना नजर दगडांच्या पाण्याकडच्या बाजूवर पडते आणि वाहून आलेली वस्तू तिथेच अडकते.

पद्धत अशी. प्रत्येक कोरड्या धबधब्याच्या पायथ्याला जो खळगा असतो तिथे थांबायचं. मोठ्या धोंड्यांच्या मागची जागा, झाडाच्या उघड्या मुळांची जाळी, वळणाची आतली बाजू बघायची. पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे ते ओझं टाकतं. मधल्या सरळ पट्ट्यावर वेळ घालवायचा नाही.

पहिल्या ओहोळात: प्लास्टिकची बाटली, गुराच्या गळ्यातली घंटा, छत्रीच्या काड्या. भाची घंटेवर इतकी खूश की तिला वाटलं आजचा दिवस वसूल. दुसऱ्यात खालच्या टप्प्यात धातूची तार मिळाली, पिळलेली, मधे लोखंड आणि बाहेर अ‍ॅल्युमिनियम. क्षणभर सगळे गोळा झालो, पण ती विजेच्या लाइनची. अशी फसवी सापडणारच.

त्याच ओहोळात वर, एका उंबराच्या मुळांत काहीतरी घट्ट रुतलेलं. मूळ त्याच्याभोवती वाढलेलं होतं, अर्धं गिळलेलं. बाहेर दिसत होता तो भाग बोटभर रुंद: पत्र्याचे दोन थर एकावर एक, रिव्हेट जागच्या जागी, त्यांची डोकी पातळीत बसलेली. कडेला थर सुटून पानांसारखे झालेले, त्यांत पांढरी भुकटी. असं मिश्रधातूचं अ‍ॅल्युमिनियम आतून गंजलं की पापुद्रे सुटतात, बाहेरून गुळगुळीत राहून.

काका पालथे पडून बघत होते. मी रिव्हेटमधलं अंतर मोजलं: पुन्हा पाऊण इंच. कुणाचं स्वयंपाकघर नाही, कुणी हातोडी मारलेली नाही, आणि एसटी इथपर्यंत येत नाही. काकांनी उठून कपडे झटकले आणि वहीतली आपली जुनी शंका स्वतःच्या हातानं खोडली.

तुकडा सोडवला नाही. सोडवायचा तर मूळ कापावं लागलं असतं, आणि नियम नसता तरी ते केलं नसतं. फोटो, माप, उंची: माथ्यापासून उभ्या रेषेत बरीच खाली. म्हणजे पाण्यानं आणलेला. मूळ जागा वर कुठेतरी, आणि तिथे काही उरलं असेल अशी माझी अपेक्षा नाही. भंगारवाल्यानं जे नेलं ते विकण्याजोगं होतं, पावसानं जे नेलं ते हलकं होतं. दोघांनाही नकोसं झालेलं, म्हणजे छोटं, वाकडं, अडकलेलं, तेवढंच आम्हाला मिळणार.

परतताना गावात बाबांना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ फोन हातात धरला, मग आम्हाला विचारलं की त्या माणसांच्या देशातून कुणी कधी विचारायला येतं का. आम्ही कुणी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही.

30 मार्च, गुढीपाडवा

चढाई नाही. समोरच्या डोंगराला वणवा लागल्याचं गावातून कळलं. काळ्या झालेल्या उतारावर धातू सहज दिसेल असं कुणीसं सुचवलं. मी आणि काका दोघांनीही लगेच झटकलं. वणव्याचा फायदा घेणारा माणूस पुढच्या वर्षी वणव्याची वाट बघायला लागतो.

20 एप्रिल

हिरड्याचा हंगाम. गावात अंगणं, ओटे, डांबरी रस्त्याची कडसुद्धा बाळहिरड्यानं भरलेली. सगळी माणसं झाडांखाली, आमच्याशी बोलायला कुणालाही फुरसत नाही. अगदी बरोबर आहे, त्यांचं वर्षाचं रोख उत्पन्न त्या झाडांवर आहे. आम्हीही तासभर वेचायला बसलो. भाचीला ताईंनी दोनदा ओरडा दिला, कारण ती पिकलेला आणि कोवळा एकत्र करत होती.

त्या तासाभरात जे ऐकलं ते जानेवारीच्या दिवसभरातही ऐकलं नव्हतं. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. एका आजींच्या माहेरी विमानाची एक ‘खुर्चीची नळी’ होती, तिचं वर्षानुवर्षं पाळण्याचं दांडकं केलेलं. दुसऱ्या वाडीत म्हणे देवळाच्या कळसाखाली पत्रा लावलाय. हे बघायचं राहिलंय. देवळावर चढायचं म्हणजे आधी गावाची परवानगी, नंतर शिडी.

दुपारी तिसरा ओहोळ चढायला घेतला आणि अर्ध्यातून सोडला. कातळ तापलेला, बुटांचा तळवा पोळत होता, प्रत्येकी चार लिटर पाणी दीड वाजताच संपलं. इथून पुढे हा उतार पहाटेच करायचा.

27 मे

पुढच्या रविवारी पहाटेची चढाई ठरली होती. रद्द. मे महिनाभर वळवाचा पाऊस झोडपत होता, आणि काल 26 तारखेला मोसमी पाऊस मुंबईत दाखलही झाला, इतका लवकर की हवामान खात्याच्या नोंदीत याआधी असा कधी आला नव्हता. ऐरोलीत गटारं तुंबलीत, घाटावर ओहोळ सुरू झाले असतील. हंगाम संपला.

वहीतून पुढच्या हिवाळ्यासाठी काढलेलं काम: तिसरा ओहोळ पूर्ण करणं, उंबराच्या वरचा टप्पा खळगा-खळगा बघणं, देवळाचा पत्रा, आजींच्या माहेरचं दांडकं. वनखात्याकडे लेखी अर्ज, या वेळी तोंडी सांगण्यावर भागवायचं नाही. घरांतल्या वस्तूंची वेगळी यादी: कुणाकडे काय, कशासाठी वापरात, कुणी आणलं, भोकं कशी. ती यादी गावाच्या शाळेत ठेवायची, आमच्याकडे फक्त प्रत. हे काकांनी सुचवलं आणि मला सगळ्यात पटलंय. ओहोळातले तुकडे पावसाबरोबर जातील, घरातले पत्रे घर पक्कं झालं की जातील. चुलीशेजारचा पत्रा गॅस आल्यावर किती दिवस टिकेल?

भाचीनं उंबराच्या मुळाचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर टाकायची परवानगी मागितली. दिली, फोटोतलं लोकेशन काढून. तरी अर्ध्या तासात एकानं विचारलंच, कुठला डोंगर, पुढच्या वीकेंडला जाऊ. तिनं लिहिलं, पावसात नको. आता तो दिवाळीची वाट बघतोय, त्याला तेव्हा काय सांगायचं ते ती मला विचारतेय. काका म्हणतात, त्याला हिरडा वेचायला घेऊन या, मग बघू.